मोठ्या पात्याची खुमखुमी

सगळ्यात आधी कबुली. माझ्याकडे सात चाकू आहेत आणि त्यातला एकही कांदा कापायचा नाही.

आईचं म्हणणं, 'या वयात लोकांची पोरं एसआयपी सुरू करतात, ह्यानं सुऱ्या जमवल्यात.' ती 'सुऱ्या' म्हणते ना, ते जाम लागतं. सुरी म्हणजे पाव-बटर. आमचं प्रकरण वेगळं! आमच्या चाकूंना नावं असतात, देश असतात, स्टीलचे नंबर असतात. पहिली कुकरी, कॉलेजच्या ट्रिपला मनालीतून आणलेली. म्यानावर मखमल, आत धार जेमतेम. दुसरा 'रॅम्बो'. पोकळ मूठ, मुठीच्या झाकणात होकायंत्र, आत काडेपेटीच्या तीन काड्या आणि मासे पकडायचा गळ. राजमाचीला नारळ फोडताना याची मूठ एकीकडे गेली आणि पातं दुसरीकडे. होकायंत्र मात्र शेवटपर्यंत उत्तर दाखवत राहिलं, फक्त उत्तर नक्की कुठे आहे याबद्दल त्याचं स्वतःचं असं मत होतं. (मूठ पोकळ ठेवायची तर पात्याचा आत जाणारा भाग बोटभरच राहतो. सगळा जोर त्या बोटभर लोखंडावर येतो. हे नारळानंतर कळलं.) तिसरा सगळ्यांकडे असतो तो लाल स्विस. चौथा फ्रेंच ओपिनेल, लाकडी मुठीचा, कडी फिरवली की पातं लॉक होणारा. पाचवा स्वीडनच्या मोरा गावचा, दिसायला अगदीच प्लास्टिकचा. सहावी मॅशेटी, जिचं काय करायचं हे मला आजही ठाऊक नाही.

आणि सातवा बोवी. दहा इंची पातं, अर्धा किलो वजन, चामड्याचं म्यान. जेम्स बोवी नावाच्या अमेरिकन माणसाची कीर्ती १८२७ साली मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीत त्याच्या भल्यामोठ्या चाकूमुळे झाली, १८३६ साली अलामोच्या लढाईत तो मेला आणि चाकूला नाव ठेवून गेला. हे सगळं मी पार्टीत न विचारता सांगायचो.

हा किडा आला कुठून, तर टीव्हीतून. रविवारी दुपारी केबलवर लागणारा स्टॅलोन आणि त्याच्या जोडीला २००६ साली सुरू झालेलं 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'. बेअर ग्रिल्स हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, त्याच्याकडे एक पाण्याची बाटली आणि एक चाकू. आमच्या अख्ख्या पिढीला वाटलं की जंगलात जायचं म्हणजे एवढंच लागतं. मुंबईतल्या आमच्या वन बीएचकेत रात्री अकरा वाजता बोवी म्यानातून काढायचा, कागदाची पट्टी उभी धरून कापायची, मग धार बघायला हातावरचे केस भादरायचे. माझ्या डाव्या हातावर जवळपास वर्षभर केस नव्हते. ज्यांना हा नाद आहे ते आत्ता आपल्या हाताकडे बघत असतील.

या सात चाकूंनी तीन वर्षांत काय काय कापलं याचा मी एकदा प्रामाणिक हिशोब मांडला. मॅगीची पाकिटं, कांदे, टोमॅटो, काकड्या, तंबूची एक दोरी, सॅकचा तुटलेला पट्टा आणि एका मित्राच्या पायात रुतलेला काटा. यातली सगळी कामं ओपिनेल आणि प्लास्टिकच्या मोरानं केली. काट्याचं तर स्विसच्या चिमट्यानंच केलं. बोवीनं एक कलिंगड कापलं होतं. फोटो छान आला होता.

आता वर्ध्याकडे येतो.

माझं मूळ गाव वर्ध्याचं. शिक्षणाला बाहेर पडलो, मास कॉम केलं, मुंबईत आलो. पण मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अजून शेती करतात. हिंगणीच्या बाजूला, बोर धरणाच्या अलीकडे, कपाशी आणि तूर. २०२२च्या डिसेंबरात आम्ही चौघं तिकडे निघालो. मी, माझा फ्लॅटमेट आणि ऑफिसातलं एक कपल. प्लॅन असा की दुपारी बोरची सफारी आणि रात्री शेतात तंबू. बोवी सॅकमध्ये सगळ्यात वर होता. गाडी कुठली? सेवाग्राम एक्स्प्रेस! गांधीजींच्या गावाचं नाव लावलेल्या गाडीच्या स्लीपरमध्ये मी दहा इंची पातं उशाला घेऊन झोपलो होतो आणि त्यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

तसा आमचा जिल्हाच जरा मजेशीर. एका बाजूला सेवाग्राम आणि पवनार, गांधी आणि विनोबा. दुसऱ्या बाजूला पुलगाव, जिथे लष्कराचा देशातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक दारूगोळा डेपो आहे. त्यामुळे अहिंसेच्या जिल्ह्यात हत्यार कुणाला नवीन नाही. फक्त ते कुणाच्या हातात आहे, हे लोक आधी बघतात.

मोठ्या बाबांनी सकाळीच बघितलं. बोवी हातात घेतला, तोलला, अंगठा धारेवर आडवा फिरवला (उभा नाही, हे लक्षात घ्या) आणि विचारलं, "हे कायले आणलं बे?"

"कॅम्पिंगला, मोठे बाबा."

"हे तर बकरं कापाचं दिसते. बकरं कुठी हाय?"

मोठी आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, पण आतून नाही.

दुपारी दुसरा धक्का. बोर हा देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. सागाचं आणि बांबूचं जंगल, नागपूरहून दीड-दोन तासांवर, त्यामुळे ताडोबाची गर्दी नको असणारे इकडे येतात. गेटवर सॅक उघडायला सांगितली. वनरक्षक पंचविशीतली मुलगी. तिने बोवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "सर, हे शस्त्र आहे. हे आत जाणार नाही."

मी तिला समजवायला गेलो की हे शस्त्र नसून टूल आहे. 'टूल' हा शब्द मी तीन वेळा वापरला. तिने एकदाच सांगितलं की कायद्यात तसं लिहिलंय. मागे दोन जिप्सी उभ्या होत्या, त्यातली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, ते काका डाकू आहेत?" शेवटी बोवी बाहेर आमच्या गाडीत ठेवला आणि आम्ही आत गेलो. चितळ दिसली, रानगवा दिसला, वाघ दिसला नाही. माझं लक्षच नव्हतं.

नंतर घरी येऊन मी तो कायदा वाचला. ती मुलगी शंभर टक्के बरोबर होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच बंदुका, धनुष्यबाण, जाळी आणि सापळे यांच्या रांगेत चाकू बसवलेला आहे. आणि कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. किती इंची, हा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या जंगलासाठी आपण हे सगळं विकत घेतो, त्या जंगलाच्या दारातच ते काढून ठेवावं लागतं. त्याच्या आधीचं कलम ३० आगीचं. जी शेकोटी पेटवायला चाकूनं लाकूड फोडायचं, ती शेकोटीही आत चालत नाही. राखीव जंगलात झाड तोडणं १९२७च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, तो वेगळाच. ग्रिल्ससाहेब एपिसोडभर जे जे करतात, त्यातल्या निम्म्या गोष्टींसाठी आपल्याकडे पावती फाटेल किंवा जामीन लागेल.

तर, गेटवर झालेला तो पोपट मला संध्याकाळी भरून काढायचा होता. आता मागे वळून बघताना ते इतकं स्वच्छ दिसतं की लाज वाटते.

अंधार पडायला लागला होता. थंडी बोचायला लागली होती. बांधावर बाभळीच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या, मनगटाएवढ्या जाड. मोठे बाबा म्हणाले, "थांब, कुऱ्हाड आणतो. बाभूळ वाळली का दगड होते." तेवढ्यात लाईन आली. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, विदर्भात मोटारपंपाला वीज येते तेव्हा माणूस जेवत असेल तरी उठून पळतो. मोठे बाबा विहिरीकडे गेले. आणि मी बोवी काढला.

फांदी हलत होती. माझा फ्लॅटमेट म्हणाला, "मी धरतो, तू हाण."

तो आमच्यातला एकमेव खरा कलाकार. सोमवार ते शुक्रवार कोडिंग आणि शनिवारी रात्री परळच्या एका पबमध्ये गिटार. डाव्या हाताने फांदी धरून तो उकिडवा बसला. पहिल्या दोन घावांना बाभळीचे नुसते कपचे उडाले. तिसरा घाव गाठीवर बसला. पातं रुतलं नाही, वळलं, आणि फांदीवरून घसरत त्याच्या हातापर्यंत गेलं.

तो ओरडला नाही. हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, बोट वळत नाहीये."

रक्ताचं मला नीट आठवत नाही. ते वाक्य आठवतं.

मोठी आई हळदीचा डबा घेऊन धावत आली. आमच्यातल्या मैत्रिणीची बहीण नर्स आहे. तिने डबा हळूच बाजूला ठेवला, स्वच्छ टॉवेल जखमेवर घट्ट दाबून धरला आणि त्याचा हात डोक्याच्या वर उचलायला लावला. दर दोन मिनिटांनी टॉवेल उचलून बघायचं नाही, दाब सोडायचा नाही, एवढंच ती सगळ्या रस्त्यात सांगत होती. हॉस्पिटलपर्यंत पाऊण तास. गाडी मोठ्या बाबांनी चालवली. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बोट वाकतं ते तळहाताच्या बाजूने जाणाऱ्या दोऱ्यांसारख्या स्नायूबंधांमुळे, ज्याला टेंडन म्हणतात. कातडी शिवायला दहा मिनिटं लागतात. तुटलेला टेंडन मात्र ऑपरेशन करूनच जोडावा लागतो, आणि तो तुटल्या-तुटल्या दोन्हीकडे मागे सरकतो, म्हणून उशीर करायचा नसतो. ऑपरेशन झालं. मग दीड महिना स्प्लिंट, मग फिजिओथेरपी, असे तीनेक महिने. नशीब असेल तर बोट पूर्ण वळतं. त्याचं निम्मं वळतं.

डाव्या हाताची तर्जनी. गिटार वाजवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हे बोट आडवं ठेवून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात, त्याला बार कॉर्ड म्हणतात. ते आता त्याला जमत नाही. पब सुटला. घरी कॅपो लावून वाजवतो. मला त्याने आजवर एकदाही दोष दिलेला नाही. रात्री त्याच्या खोलीतून गिटार ऐकू यायला लागली की मी हातातलं काम थांबवून कॉर्ड मोजत बसतो. ही घेतली. ही गाळली.

यात चुका किती होत्या, ते नंतर नीट शिकल्यावर कळलं. मोठं पातं फिरवताना हात पूर्ण लांब करून चाकूसकट एक रिंगण मनात आखायचं, त्या रिंगणात दुसरा माणूस नको. लाकूड माणसानं धरायचं नाही, दुसऱ्या लाकडाला टेकवायचं. घाव घसरला तर पातं कुठे जाईल, हे घाव घालायच्या आधी बघायचं. उभं राहून मांडीच्या दिशेने कापायचं नाही, गुडघ्यावर बसून अंगापासून लांब कापायचं. दमला असाल, चिडला असाल, अंधार झाला असेल तर चाकू म्यानात. आणि घ्यायचे दोन घुटके झाले असतील तर चाकू सॅकच्या तळाला. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. मी पूर्ण शुद्धीत होतो.

मोठ्या पात्याचं एक गणित आहे, जे जाहिरातीत सांगत नाहीत. पातं जितकं लांब, तितकं वजन पुढे जातं आणि टोकाचा वेग वाढतो. झाडोरा कापायला हे उत्तम, म्हणून तर मॅशेटी लांब असते. पण पातळ लांब पातं ओल्या, मऊ गोष्टींसाठी असतं. वाळक्या कठीण लाकडाला पाचरीसारखं जाड पातं आणि दांडा लागतो, म्हणजे कुऱ्हाड. बोवी ना धड हे करतो, ना ते. भांडणासाठी बनलेली ही वस्तू, जंगलात ती पाहुणी असते. चार इंची, जाडजूड पाठीचा, पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेला चाकू सह्याद्रीतल्या आणि विदर्भातल्या कुठल्याही ट्रेकला पुरून उरतो. शिवाय लहान काडक्या फोडायच्या तर चाकू काडकीवर ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकायचं. हात फिरवावाच लागत नाही.

२००३ साली अमेरिकेत युटाच्या एका घळीत अ‍ॅरन राल्स्टन नावाच्या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला. पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली, त्यावर '१२७ अवर्स' हा सिनेमा आला. त्याच्याकडे काय होतं? एक स्वस्तातला, बोथट मल्टिटूल. ज्याला खरोखरच जगण्यामरण्यासाठी पातं लागलं, त्याला कमी पडली ती लांबी नव्हती. कमी पडली ती धार, आणि कुठे चाललोय हे घरी सांगून जाणं. दुसरी गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बरं, अभयारण्य सोडा. घरी ठेवायला तरी चालतो का? शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. त्यांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, कुकरीचं तर नावच आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. माझा बोवी दहा इंची. वेबसाइटनं तो हसत-हसत घरपोच दिला होता, कुरियरवाल्यानं ओटीपी मागितला होता. नियम मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही शोधला नव्हता. शिवाय सणावाराला, निवडणुकीच्या आसपास पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, तेव्हा चाकूच काय, काठी घेऊन फिरायलाही बंदी असते. २०२२-२३च्या सुमारास पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रोज पेपरात यायला लागला, तेव्हापासून तर सॅकला अडकवलेलं पातं बघून कुणाला ट्रेकर आठवत नाही. त्यामुळे चाकू नेहमी म्यानात, सॅकच्या आत, आणि फक्त जिथे काम आहे तिथेच. कमरेला लटकवून स्टेशनवर उतरायची हौस असेल तर वकिलाचा नंबर पाठ ठेवा.

अपघातानंतर वर्षभर मी त्या सात चाकूंकडे बघितलंसुद्धा नाही. मग पुन्हा वर्ध्याला गेलो तेव्हा, का कोण जाणे, मोठ्या बाबांच्या घरातली पाती मोजली. स्वयंपाकघरात मोठ्या आईची पावशी. (मुंबई-पुण्याकडचे विळी म्हणतील.) गोठ्यात गवताचे दोन विळे, तुरीचा एक, निंदणाची खुरपी, एक कुऱ्हाड, एक कुऱ्हाडी, वखराची पास आणि बांबू सोलायचा एक बुटका कोयता. माझ्यापेक्षा जास्त! आणि प्रत्येकाला एक काम. तुरीचा विळा गवताला कुणी लावत नाही. एकही पातं भिंतीवर नाही, प्रत्येकाची धार मात्र माझ्या बोवीला लाजवणारी. मूठ हाताच्या घामाने काळी, गुळगुळीत झालेली.

कलेक्शन म्हणजे काय, हे मला तिथे नव्याने कळलं. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय बघितलंय का? तिथे तलवारी आहेतच, पण मी पुन्हा गेलो तेव्हा अडकित्ते आणि विळ्या बघत तासभर उभा होतो. सुपारी कातरायच्या वस्तूवर मोर, घोडे, बायका कोरणारे कारागीर! आणि आमच्या विदर्भात तर लोखंडाची परंपरा केवढी जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी. माहूरझरी, टाकळघाट-खापा, आमच्या जिल्ह्यातलं खैरवाडा, इथल्या मोठमोठ्या दगडी वर्तुळांखाली लोकांनी आपल्या माणसांना पुरताना सोबत लोखंडी वस्तू ठेवल्या. त्यात आडव्या पट्ट्यांनी दांड्याला बांधायच्या कुऱ्हाडी आहेत. म्हणजे मेल्यावरही माणसाबरोबर पातं द्यावं असं वाटणारे लोक इथेच राहत होते. मनालीला जाऊन मखमली म्यान विकत घेणाऱ्याला हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

त्याच फेरीत फ्लॅटमेटला सेवाग्राम दाखवायला नेलं. (तो पुन्हा आला, हे महत्त्वाचं.) १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा भोवती सगळं रान होतं आणि सापांचा सुळसुळाट. आश्रमात एक लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलाय. साप दिसला की चिमट्यात धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, लांब नेऊन सोडायचा. आम्ही दोघं त्या चिमट्यासमोर बराच वेळ उभे होतो. तो म्हणाला, "हे बघ तुझं आउटडोअर गिअर." मी म्हटलं, "हं." त्याने ते सहज म्हटलं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

परत येताना मोठ्या बाबांनी आम्हाला त्यांच्या लोहाराकडे नेलं. पावसाच्या तोंडावरचे दिवस, त्यामुळे दारात वखराच्या पासांचा ढीग. म्हातारा ट्रकच्या जुन्या पाट्याचा विळा बनवत होता. हे पाटे कमानीचं स्टील असतं, भार झेलून पुन्हा सरळ होणारं, म्हणून देशभरचे लोहार त्यालाच हात घालतात. घडून झालं की पातं लालभडक तापवायचं आणि फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवायची. मग बाहेर काढून ती बाजू घासून चकचकीत करायची आणि बघत बसायचं. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते तसा रंग चढतो, आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. यालाच 'पाणी देणं' म्हणतात. पाणी जास्त झालं तर धार कचकन तुटते, कमी झालं तर वळते. स्टीलचे नंबर पाठ असलेला मी आणि रंगावरून ओळखणारा तो, आमच्यात कोण एक्स्पर्ट हे सांगायला नको.

मी सॅकमधून बोवी काढला. हो, पुन्हा नेला होता. विचारलं, हा छोटा करून मिळेल का? चार इंची?

त्याने ग्राइंडरला जरासा लावून ठिणग्या बघितल्या. पाट्याच्या लोखंडाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. माझ्या बोवीच्या आखूड, तांबूस, मरतुकड्या. "इस्टील हाय," तो म्हणाला. "भट्टीत घालून फायदा नाही. कापून देतो, पण घाई नको करजो. निळं पडलं का पाणी गेलं." आणि मग अर्धा तास तो थोडं कापायचा, पाण्यात बुडवायचा, थोडं कापायचा, पाण्यात बुडवायचा. फ्लॅटमेट शेजारी बसून डाव्या हाताने पाण्याचं घमेलं धरून होता. मला ते बघवत नव्हतं. ग्राइंडर चालू असताना मी दोनदा त्याला 'हात मागे घे' म्हणालो. दुसऱ्या वेळी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी बघतोय पातं कुठे जाईल ते. तू गप बस."

पुढचं टोक घासून निमुळतं केलं, धार लावली. अर्धा किलोचा बोवी एकदम बुटका, जाड मानेचा, जरा विनोदी दिसायला लागला. मूठ अजून मोठ्या चाकूची, पातं लहान चाकूचं. लोहारानं पन्नास रुपये घेतले आणि कापलेला सहा इंची तुकडा उचलून विचारलं, "हे ठेवू का? संत्र्याचा डोळा भराले चाकू होईल याचा." आर्वीकडचे बागायतदार त्याच्याकडे असे चाकू करून घेतात. खुंटाच्या सालीवर छोटी खाच घ्यायची, त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा आणि बांधून टाकायचं. बोटभर धारेचं काम.

"ठेवा," मी म्हटलं.

संध्याकाळी शेतात आम्ही दोघंच होतो. शेकोटी मोठ्या बाबांनी आधीच पेटवून दिली होती, कुऱ्हाडीने. फ्लॅटमेटनं बुटका बोवी घेतला, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि काकडी कापायला लागला. डाव्या हाताची चार बोटं काकडीभोवती नीट वळलेली आणि एक जरा बाहेर.

"मूठ अजून मोठीच आहे," तो म्हणाला.

"बदलून घेऊ."

"नको, राहू दे. मीठ दे."